‘करिता’ सही

३ मार्च

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा समुपदेशनाचा पूर्ण परवाना आल्याचं तुझ्या आईकडून कळलं. मावशीला स्वतः कळवायला तुला वेळ झाला नाही, ठीक आहे. दोन वर्षं तू वरिष्ठ बाईंच्या देखरेखीखाली काम केलंस. आता कुणाची सही न घेता तू लोकांचं रडणं ऐकू शकतेस. आमच्या वेळी त्याला परवाना लागत नसे, शेजारीण लागत असे. तरीही अभिनंदन. भिंतीवर लावशील तेव्हा फ्रेम सरळ लाव. तुझ्या हातून खिळा कधी सरळ गेलेला नाही.

आता कामाचं. सूनबाई टिल्लूला घेऊन गेली त्याला दोन महिने झाले. शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहते. पोरगी पाच वर्षांची. तिच्या ताब्याबद्दल अठ्ठावीस तारखेला सुनावणी आहे. तुझा दादा संध्याकाळी टिल्लूच्या खुर्चीकडे पाठ करून बसतो. वकील म्हणतात की सूनबाईचं मन ठिकाणावर नाही असं एखाद्या जाणकाराने लिहून दिलं, तर पोरगी आपल्याकडे येईल.

जाणकार आपल्या घरातच आहे. तू पाहिलेलं नसलं तरी मी पाहिलं आहे. ही बाई बाथरूममध्ये नळ सोडून अर्धा अर्धा तास बसायची. टिल्लूला शाळेतून आणायचं दोनदा विसरली, शाळेतल्या बाई पोरीचा हात धरून फाटकाशी उभ्या. जेवता जेवता डोळ्यांतून पाणी, आणि कारण विचारलं तर म्हणे काही नाही. मला एक पान हवं आहे, तुझ्या नावाने. आठवडाभरात पाठव.

लोभ आहे, तो असाच जपावा.

तुझी,
मावशी

* * *

८ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

परवान्याचं कळवलं नाही ही चूक माझीच. फ्रेम अजून कपाटात आहे, खिळ्याची भीती वाटते.

मावशी, ते पान मी लिहू शकत नाही. रागावू नकोस, पूर्ण वाच. माझा परवाना एवढंच म्हणतो की जो माझ्याकडे आपणहून येईल त्याच्याशी मी बोलावं आणि त्याला उभं राहायला मदत करावी. आजाराचं नाव देणं, औषध सांगणं, मूल कोणी सांभाळावं याबद्दल कोर्टाला लिहून देणं, हे माझ्या कामाच्या कुंपणाबाहेर आहे. त्यासाठी कोर्ट स्वतः तपासनीस नेमतं, आणि तो माणूस दोन्ही बाजूंना भेटतो. वहिनी माझ्यासमोर कधी बसलेली नाही. बसली असती तरी ती नात्यातली, म्हणून मी तिला दुसरीकडे पाठवलं असतं. नात्यातल्या माणसाबद्दल ऐकीव गोष्टींवरून लिहिलं तर माझा परवाना जाईल, आणि जायलाच हवा.

फक्त तुला म्हणून सांगते. तू जे वर्णन केलंस ते ऐकून वाटतं की वहिनीला नैराश्य असावं. पण टिल्लू रात्री सारखी उठते हे तूच सांगायचीस, आणि वर्षभर नीट झोप नसलेली कुठलीही बाई अशीच दिसेल. कुणीतरी रोज दोन तास टिल्लूला सांभाळून तिला झोपू द्यायला हवं होतं.

दादाला माझा नमस्कार. आजवर केलास तो लोभ या नकारानंतरही ठेव, ही विनंती.

तुझी,
मुंगी

* * *

१२ मार्च

चि. मुंगीस,
आशीर्वाद. वि. वि.

पत्र मिळालं. लाल पेनाने तपासलं. शुद्धलेखनाच्या चुका दोन, कृतघ्नता एक.

तुला अक्षरं मी शिकवली. तुझ्या आईला कावीळ झाली तेव्हा चार महिने तू माझ्या ताटात जेवलीस. तेव्हा मी विचारलं नव्हतं की भाचीला भरवणं माझ्या परवान्यात बसतं का! आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर नियमांच्या इतक्या पक्क्या होत्या की मोजे घोट्याखाली घसरले तर वर्गाबाहेर. पण मूल पडलं की त्याच धावत यायच्या, आणि धावायला बंदी होती! तुमच्या मंडळाने तुम्हाला कुंपणं दिली आणि तुम्ही त्यांच्या आत खुर्च्या टाकून बसलात.

आणि झोपेचं म्हणशील, तर मी तीस वर्षं शाळेत उपमुख्याध्यापिका होते, घरात मूल होतं, सासूबाई अंथरुणाला. मी कुठे झोपले होते? मी नळ सोडून बसले का?

असो. तुला त्रास नको. तुला काही करावं लागणार नाही, मी मार्ग काढला आहे.

लोभाचं काय करायचं ते तुझं तू ठरव.

मावशी

* * *

२ एप्रिल

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

काल परवाना मंडळाची नोटीस आली. तक्रार वहिनीची आहे. सोबत तिच्या वकिलांनी जोडलेल्या कागदाची प्रत आहे, दादाच्या बाजूने कोर्टात दिलेल्या कागदाची.

कागद माझा आहे. शिकाऊ असतानाचा, ज्यावर माझ्या नावाखाली देखरेख करणाऱ्या बाईंचं नाव छापलेलं आहे. परवाना बदलल्यावर उरलेला गठ्ठा मी आईबरोबर तुला मागच्या बाजूला याद्या लिहायला पाठवला होता. त्यावर टाइप केलं आहे की सदर महिलेला नैराश्य असून ती बालकाचा सांभाळ करण्यास असमर्थ आहे. खाली माझं नाव, नावाच्या वर ‘करिता’, आणि सही. ती सही मी दहा वर्षं माझ्या प्रगतिपुस्तकावर पाहिली आहे.

चौदा दिवसांत उत्तर द्यायचं आहे. निर्णय होईपर्यंत मी कुणालाही भेटू शकत नाही. माझ्याकडे अकरा माणसं येतात. त्यांतल्या एका माणसाने सहा आठवडे फक्त खिडकीकडे बघून काढले आणि मागच्या सोमवारी पहिल्यांदा तोंड उघडलं. काल मला त्याला फोन करून सांगावं लागलं की या सोमवारी येऊ नका. कारण सांगता आलं नाही. देखरेखीच्या बाईंनाही खुलासा मागितला आहे, त्यांचा तर यात काहीच संबंध नाही.

मावशी, मला एवढंच सांग. हे तू केलंस?

मुंगी

* * *

५ एप्रिल

चि. मुंगीस,
आशीर्वाद. वि. वि.

हो.

पण खोटी सही केली असं म्हणू नकोस. तुझ्या नावाची सही मी केलेली नाही, माझीच केली आहे. मुख्याध्यापिका दौऱ्यावर, आजारी किंवा नुसत्याच वैतागलेल्या असत, तेव्हा दाखले, सूचना, पालकांना पत्रं, सगळ्यांवर मी ‘करिता’ लिहून सही करत असे. तीस वर्षांत कुणी हरकत घेतली नाही. शाळा त्यावर चालली. तू घाबरलीस, तुझ्या जागी मी केली, इतकं ते मला सरळ वाटलं. मुख्याध्यापिकेने आधी हो म्हटलेलं असे आणि तू नाही म्हटलं होतंस, हा फरक मला काल तुझं पत्र चौथ्यांदा वाचताना दिसला. कुणी लाल पेनाने दाखवला असता तर मी त्यालाच झापलं असतं.

आता ऐक. अठ्ठावीस तारखेला कोर्टाने निकाल न देता पुढची तारीख दिली. वकील म्हणतात की मी कबूल केलं तर कोर्टाचा आपल्यावरचा विश्वास संपेल आणि टिल्लू गेली. दादा जेवला नाही. मला म्हणाला की आई, तू काही बोलू नकोस, मंडळ मुंगीला फार तर समज देईल, माझी मुलगी मात्र परत मिळणार नाही. मुंगी, मी तुम्हा दोघांच्या मधे उभी आहे आणि हे पत्र लिहिण्याआधी दोन पानं फाडली आहेत.

एक करता येईल. मी मंडळासमोर सांगेन की सगळं माझ्या मनाचं होतं, नैराश्य हा शब्दसुद्धा. तुझं आठ मार्चचं पत्र जाळून टाकते. त्यात तू तो शब्द लिहिला होतास हे कुणाला कळायचं कारण नाही. निदान तू तरी सुटशील.

काय करू ते लगेच कळव.

तुझी,
मावशी

* * *

८ एप्रिल

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

जाळू नकोस.

तो शब्द मी लिहिला. न भेटलेल्या बाईला, घरच्या पत्रात, मावशी आहे म्हणून. एका वाक्यात नियम सांगितला आणि पुढच्या वाक्यात तो मोडला. मी हे देखरेखीच्या बाईंना सांगितलं आहे. त्या म्हणाल्या की मंडळालाही असंच सांग. मी सांगणार आहे.

दादाचा मला फोन आला होता. त्याने विचारलं की तो कागद माझाच आहे असं मी म्हणेन का. मी नाही म्हटलं. तो रडला. मी त्याला लहानपणापासून ओळखते आणि तो रडत असताना मीच फोन ठेवला. एवढं शिकून.

मंडळाची सुनावणी एकोणीस तारखेला, सकाळी अकरा. आधी मला आत बोलावतील, मग तुला एकटीला. माझं पत्र तुझ्याकडे आहे, त्याची नक्कल माझ्याकडे नाही. आणायचं की नाही हे तुझ्या हातात आहे, मी जबरदस्ती करू शकत नाही. पण त्या कागदावर माझ्या वाक्याचा फक्त पहिला तुकडा आहे. पुढचं कुणी पाहिलं नाही तर वहिनी जन्मभर कागदोपत्री तेवढीच राहील.

लोभ असू द्यावा असं आज लिहिताना हात अडतो. तरी लिहिते.

मुंगी

* * *

२० एप्रिल

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू आतून बाहेर आलीस आणि माझ्याकडे न बघता बसस्टॉपकडे गेलीस. बरोबरच केलंस. आत काय झालं ते तुला कळायला हवं, म्हणून सविस्तर लिहिते.

खोली लहान, पंखा आवाज करणारा. टेबलामागे तीन माणसं, मधल्या बाई माझ्या वयाच्या. डावीकडे भिंतीला लागून सूनबाई. मी साडेतीन महिन्यांनी तिला पाहिलं. केस कापले आहेत. मी नमस्कार केला नाही, तिनेही नाही.

मी कागद माझा असल्याचं सांगितलं. ‘करिता’चं सांगितलं. उजवीकडच्या गृहस्थांना हसू आलं, मधल्या बाईंना नाही. मग मी पर्समधून तुझं पत्र काढलं. लाल खुणांसकट. बाई म्हणाल्या की मोठ्याने वाचा. मुंगी, मी हजारो मुलींना उभं करून धडे वाचायला लावले आहेत. काल पहिल्यांदा मला कुणी उभं केलं.

तो परिच्छेद आला. नैराश्य असावं, इथपर्यंत वाचलं. पुढचं वाचलं, की झोप नसलेली कुठलीही बाई अशीच दिसेल आणि कुणीतरी रोज दोन तास टिल्लूला सांभाळायला हवं होतं. सूनबाईने तोंड भिंतीकडे वळवलं. मधल्या बाईंनी विचारलं की हे वाचून मी काय केलं. मी म्हटलं की अर्धं वापरलं. त्यांनी विचारलं की उरलेल्या अर्ध्याचं काय. मी म्हटलं की तिथे मी चिडले, कारण ते दोन तास माझ्याकडे होते. दुपारी दोन ते चार मी शब्दकोडं सोडवते.

हे बोलायचं मी ठरवलं नव्हतं.

दादा खाली गाडीत होता. मी उतरून येईपर्यंत निघून गेला होता. रिक्षाने आले. आज तो माझ्याशी बोललेला नाही. त्याच्या वकिलांना मी तेच लेखी दिलं आहे, या वेळी माझ्या नावाने.

माझा लोभ आहेच. तुझा मागायला मी आज उभी राहत नाही.

तुझी,
मावशी

* * *

१७ मे

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

निर्णय आला. परवाना राहिला आहे. सहा महिने पुन्हा देखरेखीखाली काम करायचं, दर आठवड्याला बाईंसमोर बसायचं. त्यांच्यावर काही ठपका नाही. अकरापैकी सात जण परत आले. खिडकीकडे बघणारा माणूस आला नाही. मी त्याला पत्र पाठवलं आहे, दुसऱ्या दोन समुपदेशकांचे पत्ते देऊन. त्याहून जास्त मला करता येत नाही.

मी तुझ्याकडे बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर रडले असते, आणि तू अजून आत जायची होतीस. राग होता. अजून आहे. तू पत्र आणलंस हेही आहे.

कोर्टाचं कळव. लोभ आहे, रागासकट तो स्वीकारावा.

तुझी,
मुंगी

* * *

१४ जून

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

कोर्टाने टिल्लू आईकडेच ठेवली. दादाला रविवार. मला शनिवारी एक तास, तोही कोर्टाच्या भेटीच्या खोलीत, समाजसेविका समोर बसलेली असताना. म्हणजे आता आपण दोघीही देखरेखीखाली. दादा माझ्याशी मीठ दे, दार लाव, इतपत बोलू लागला आहे.

भेटीच्या खोलीचे नियम छापून हातात देतात. नातीला आईबद्दल काही विचारायचं नाही. आईबद्दल काही बोलायचं नाही. पहिल्याच ओळीत काना चुकला आहे, मी काही म्हटलं नाही. मला नियम सांगावे लागत नाहीत, मी वर्गाबाहेर एकदाही उभी राहिलेली नाही.

गेल्या शनिवारी पहिली भेट झाली. खुर्च्या इतक्या बुटक्या की उठताना समाजसेविकेने हात दिला. टिल्लूने घर काढलं, मी छप्पर रंगवलं. पाऊण तास छान गेला. मग तिने रंगखडू खाली ठेवला आणि विचारलं की आजी, तू आईवर रागावली आहेस का.

मी समाजसेविकेकडे पाहिलं. ती वहीकडे बघत होती. गप्प बसले असते तर नियम पाळला गेला असता, आणि पोरीने त्या गप्प बसण्याचा अर्थ घरी नेला असता. मी म्हटलं की नाही, तुझी आई फार दमली होती आणि आजीला ते कळलं नाही.

टिल्लूने मान हलवली, जणू मला उशिराच कळलं, आणि दाराला निळा रंग द्यायला लागली. समाजसेविकेने वहीत दोन ओळी लिहिल्या. काय लिहिलं ते मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. पुढच्या शनिवारी मला बोलावतील की नाही ते गुरुवारी कळेल.

रागासकट मिळालेला लोभ पोहोचला. मी तो परत करणार नाही.

तुझी,
मावशी