शुगर लँडमधलं इंग्लंड

शुगर लँड, टेक्सास
गुरुवार

ती. राजारामदादांना,

तुमच्या धाकट्या बहिणीचा, कांचनचा, नमस्कार. वाकून केला आहे असं समजा. खरं तर अंतराच्या सोफ्यात इतकी रुतले आहे की वाकायला आधी वर यावं लागेल. वहिनींचा गुडघा कसा आहे? तुमचं ऐकण्याचं यंत्र कानात असतं की अजून डबीतच? (त्यासाठीच फोन सोडून पत्र. तुमची अनया मोठ्या अक्षरांत छापून देईल.) शेवटपर्यंत वाचा, मध्येच चष्मा काढून डोळे पुसत बसू नका. इकडे सगळे बरे आहेत. सगळे म्हणजे सगळे.

यांनी सांगलीच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलं, पण इंग्लंड पाहिलं नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तर इथं अंतराच्या घराजवळ एका बिल्डरने विदरबी व्हिलेज नावाचं अख्खं इंग्लिश खेडं बांधून ठेवलंय. मधोमध हिरवळ, एका अंगाला दगडी चर्च, पलीकडे पाणचक्की, कमानींचा जुना बाजार, लाल टेलिफोनची खोली आणि सगळ्यांवर नजर ठेवून उभा घड्याळाचा मनोरा. आमचे जावई सुमंतराव म्हणाले, "बाबा, ते शॉपिंग सेंटर आहे." पण ऐकतंय कोण? पहिल्या दिवशी हे हिरवळीवर चपला काढून उभे राहिले, मला गहिवरून म्हणाले, "कांचन, हेच ते." (हिरवळ प्लास्टिकची आहे. तळपाय भाजले तेव्हा चपला घातल्या.)

मला तिथं धक्क्यावर धक्के बसत गेले. पाणचक्कीचं चाक विजेवर फिरतं आणि आत नखं रंगवून देतात. पाद्रीबुवांच्या घरात दातांचा दवाखाना. टेलिफोनच्या खोलीत टेलिफोन नाही, पैसे काढायचं यंत्र आहे. पुलाखाली नदी नाही, गाड्या लावतात. मी एकेक दाखवून दिलं की हे म्हणायचे, "खेडी बदलतात, कांचन." रोज सकाळी टाय लावून तिकडे. टेक्सासच्या उन्हाळ्यात टाय, दादा. इथली हवा म्हणजे शिट्टी काढलेल्या कुकरवर तोंड धरल्यासारखी.

मंगळवारी त्यावरूनच आमचं वाजलं. मी रागाने म्हणाले, "तुम्ही आणि तुमचं इंग्लंड. तिथेच राहा एकदाचे." मग मी आणि अंतरा किराणा आणायला निघालो, वाटेत यांना विदरबीत सोडलं. अकराला मनोऱ्याखाली भेटायचं ठरलं. यांचा मोबाईल घरी चार्जिंगला, मनगटी घड्याळही घरीच. का, तर गावाला मनोरा असताना मनगटाकडे बघणं हा गावाचा अपमान.

आता तो मनोरा. त्याचे काटे रंगवलेले आहेत. तिथं कायमचे दहा वाजून दहा मिनिटं झालेली असतात. हे खालच्या बाकावर अकरा वाजायची वाट बघत बसले. (नंतर विचारलं, शंका आली नाही का? म्हणे, "वाटलं, खेड्यात वेळ सावकाश जातो.") आणि आम्हाला दुकानात उशीर झाला, कारण अंतराला ओळखीच्या मावशी भेटल्या आणि त्यांच्या सुनेचं सगळं ऐकावं लागलं.

पोचलो तर बाकावर हे नाहीत. अंतरा गाडी लावायला गेली. मी चर्चकडे बघितलं. मोठ्या काचेमागे माणसं गोळा झालेली, टोप्या हातात, माना खाली. एका म्हाताऱ्या बाईंच्या हातात फुलं. मध्ये उंच पलंगावर, छातीपर्यंत पांढरी चादर, डोळे मिटलेले, हात छातीवर. आमचे हे. टाय सोडलेला, पाय चादरीबाहेर, बूट काढलेले, एक मोजा निळा आणि एक काळा.

दादा, मी ओरडले नाही. डोक्यात एकच आलं, की सकाळचं माझं शेवटचं वाक्य ते होतं, आणि निळ्या मोज्याचा जोडीदार मी धुवायला टाकला होता. हातात फोन होता, त्यात मी काहीतरी बोलले. मग आत शिरले. दारात इशिता नावाची आपल्याकडचीच मुलगी उभी होती, ती हलकेच म्हणाली, "आंटी, ही इज ओके. ही इज रेस्टिंग." रेस्टिंग म्हटल्यावर तर माझा उरलासुरला धीर सुटला, कारण इकडे थडग्यांवर हेच लिहितात.

तेवढ्यात यांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघून म्हणाले, "कांचन, हा जरा मऊ आहे. पलीकडचा पाठीला चांगला."

दादा, ते चर्च गाद्यांचं दुकान आहे.

उन्हाने चक्कर आली, म्हणून दोघांनी उचलून यांना सगळ्यात जवळच्या थंड जागी आणलं होतं. फुलांवाल्या बाई गुलदस्ता घेऊन घरी निघालेल्या, काळजीने थांबलेल्या. हे सगळं मला पलीकडच्या पलंगावरून ऐकावं लागलं, कारण यांचा आवाज ऐकताच माझेच गुडघे गेले आणि लोकांनी मलाही आडवं केलं. अंतरा आली तेव्हा आईबाप काचेत शेजारी शेजारी. ती दारातच मटकन खाली बसली. पलंग शिल्लक होता, तरी.

डॉक्टरांनी तपासलं, अंगातलं पाणी कमी झालं होतं, बाकी ठणठणीत. दवाखान्यातून येताना मी यांचा हात सोडला नाही. सकाळच्या बोलण्याबद्दल काही म्हणणार, तर हेच म्हणाले, "उद्या ते घड्याळ कोण दुरुस्त करतं ते विचारायला जाऊ. तू पण चल." गेलो. टाय घरी, पाण्याची बाटली माझ्याकडे. रंगवलेल्या काट्यांना दुरुस्ती नसते, हे यांना पटायला तिसऱ्या अधिकाऱ्याचं ऑफिस लागलं.

वहिनींना नमस्कार, अनयाला आशीर्वाद.

तुमची,
कांचन

ता. क. फोनमध्ये मी "दादा, हे गेले" असं बोलले आणि ते घरच्या ग्रुपवर गेलं, हे मला अनयाने काल सांगितलं. तुम्हाला फोन लावला, पण "धीर धर, कांचन" एवढंच तुम्ही म्हणत राहिलात, माझं काही ऐकेनात. रविवारी शाळेच्या सभागृहात यांची शोकसभा ठेवली आहे म्हणे. ती कृपा करून रद्द करा.

ता. क. २ (यांच्या हस्ताक्षरात, फोटो काढून जोडलंय) : दादा, सभागृह मिळालंच आहे तर सभा होऊ द्या. भाषणं नीट रेकॉर्ड करून पाठवा. प्रतापराव अध्यक्ष आहेत असं कळलं. ते मी जिवंत असताना कधी माझ्याबद्दल चांगलं बोलले नाहीत, त्यांना मध्येच थांबवू नका.