अळ्यांचं माहेर

७ जुलै, रविवार

ब्लाउजचे हूक अन् अस्तर आणाले आर्णीले गेलती. शाळेच्या पटांगणात मांडव दिसला, मले वाटलं कोणाचं लगन. जाऊन पाहते तर देशी झाडांचा मेळावा! यवतमाळच्या दाते मॅडम, पहिले कॉलेजात शिकवत होत्या, त्या रोपं वाटून राह्यल्या होत्या. घरून बी आणायचं अन् बदल्यात रोप न्यायचं. माह्याजवळ कुठलं बी? पिशवीत हूक. मॅडम हसल्या, म्हणे, "पुढच्या वेळी आणा." बेल अन् बहावा घेऊन आली. अन् रुई लावा म्हणाल्या. घ्या! धुऱ्या-बांधावरची रुई आपण उपटून फेकतो अन् ह्या लावा म्हणतात. फुलपाखरं त्यावर अंडे घालतात म्हणे.

एसटीत रोपं मांडीवर. कंडक्टर म्हणे, "ताई, लेकराचं तिकीट काढा." सगळी गाडी हसली.

यांले सांगावं वाटलं. फोन केला, उचलला नाही. ट्रकवर असतील.

९ जुलै

यांचा फोन आला वणीहून.

जेवली का? हो. माय बरी हाये का? हो. छकुली? झोपली. संपलं.

बेलाचं सांगतलं तर म्हणे, "बरं."

हाच माणूस वावरातून आला की जेवता जेवता कपाशीच्या एकेका पातीचं सांगे. मले झोप लागून जाये तरी सांगतच राहे. मंग ते साल आलं. बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. वावराच्या मधात बसून बोंडं फोडत राह्यले दिवसभर, अन् घरी आले तर बोलणंच बंद. वावर शेजारच्या गजूभाऊले बटईनं, अर्ध्या वाट्यानं देल्लं अन् वणीले कोळशाच्या ट्रकवर गेले. दोन सालं होतात आता. महिन्यातून एखादा दिवस येतात, पण वावरात पाय नाही ठेवला तवापासून. आले तरी पाहुण्यासारखे बसतात, चहा घेतात, टीव्ही पाहतात.

मले तो बोलणारा माणूस पाह्यजे. बस. दुसरं काही नाही मागत मी.

२१ जुलै

धुऱ्यावरून रुईची चार रोपं खणून आणली, घरामागच्या सांदवाडीत लावली. आत्याबाई ओट्यावरून पाहत होत्या. "रुई लावली का? छान. आता गाजरगवतही लाव."

सासू नाही, नुसती सुई हाये.

४ ऑगस्ट, रविवार

रुईच्या पानावर अळी. काळे-पिवळे-पांढरे पट्टे, वरतून काळी शिंगं. माहा हात आपोआप गेला, दोन बोटांत धरली होती चेंगराले. कपाशीवाल्याच्या घरी अळी दिसली की हात विचारत थोडीच बसतो. मंग सोडली. मॅडमले फोन केला. "खाऊ द्या हो, पाचसहाच पानं तर खाईल." तिकडं पाचसहा पानं म्हणजे काहीच नाही. इकडं आमचा जीव जाते.

बेलावरबी हायेत. ह्या वेगळ्या. लहान असल्या की चिमणीची शिट वाटते. हात लावला की डोक्यातून नारंगी शिंग काढतात अन् घाण वास सोडतात. छकुली दिवसभर शिंगच काढवून राह्यली. तिले रागावली, तिनंबी मलेच शिंग दाखवलं.

११ ऑगस्ट

गजूभाऊ फवाऱ्याचा पंप पाठीवर घेऊन वावरात चालले होते, सांदवाडीत डोकावले. "वयनी, बेल पार गेला की. एक हात मारून देऊ का?" म्हटलं, खबरदार. पाळल्या हायेत त्या. गजूभाऊ पाहतच राह्यले. "आमी अळीनं मेलो अन् तुमी अळ्या पोसून राह्यल्या?"

संध्याकाळपर्यंत गावभर. आमच्या घराले नाव पडलं, अळ्यांचं माहेर. शिलाईले आलेल्या बाया कपडे देता देता विचारतात, "मंग, काय म्हणतात पाव्हण्या?" म्हटलं, तुमच्याहून कमी खातात.

यांले यातलं काही नाही सांगतलं. अळी हा शब्दच काढला नाही त्या सालापासून यांच्यापुढं. कसा काढू.

३० ऑगस्ट, पोळा

नाही आले. "बैल विकले, पोळा कायचा?" म्हणे. खरंच हाये. पण पुरण मी घातलंच. गजूभाऊची जोडी दाराशी आली, आत्याबाईनं ओवाळलं. ओवाळता ओवाळता बैलाच्या तोंडाले हात लावून, "आमचा सर्जा असाच मान हालवे." मी आत गेली. बाहेर उभं राहावलं नाही.

पुरणपोळी यांच्या वाटची तशीच झाकून. कोणासाठी ठेवली म्हणून आत्याबाईनं विचारलं नाही. उद्या गाईले देईन.

८ सप्टेंबर

दाते मॅडमचा फोन. गावोगावी असे मेळावे घेऊन राह्यल्या. २२ तारखेचा आमच्या सांदवाडीत घ्यायचा म्हणतात! दारव्हा, आर्णी, बोरी अरबच्या बाया येतील, शाळेतले पोट्टे येतील. "लोकांना रोपं देते मी, पण अळी दिसली की फवारतात. तुम्ही नाही फवारलं. ते दाखवायचंय." आमच्या सांदवाडीत? न्हाणीचं पाणी वाहते तिथी?

यांले सांगतलं. म्हटलं, घरी कार्यक्रम हाये, मोठे लोकं येऊन राह्यले, तुमी या. कायचा कार्यक्रम? झाडांचा. "पाहतो."

'पाहतो' म्हणजे नाही. लगन झाल्यापासून ठाऊक हाये मले.

१५ सप्टें.

सांदवाडी झाडली, झाडांच्या बुडाशी पाण्यासाठी आळी केली. संध्याकाळी मशीनवर बसली होती तर बाहेर मोटरसायकल थांबली. पाय मशीनवरून उठले माहे. कोणीतरी पत्ता विचारत होता.

अशी कशी झाली मी? गावाशी भांडणारी बाई, अन् गाडीच्या आवाजाले उठते.

२१ सप्टें., शनिवार

आले!! दुपारच्या गाडीनं. न सांगता. छकुली अशी बिलगली की शर्टाची गुंडी तुटली. वाळले हायेत. नखांत कोळसा. मी भाकरी टाकल्या, ठेचा केला, जेवताना समोर बसून राह्यली. काहीच बोलले नाहीत, पण तिसरी भाकर मागितली.

उद्या काय काय आणायचं ते विचारलं. सतरंजी शाळेतून आणायची, पाण्याची टाकी भरायची. सांदवाडीत नाही गेले. अंधार पडला होता. मीबी दाखवली नाही. अळीचं सकाळी सांगू म्हटलं.

२२ सप्टें., रविवार

राग का हसू, मलेच समजून नाही राह्यलं.

सकाळी मी सतरंज्या आणाले शाळेत गेली. वापस येते तर हे सांदवाडीत. बाह्या वर, हातात बादली, बादलीत राकेलचं पाणी. अन् तोंडावर काय उजेड! "घे. एकबी ठेवली नाही. पानं उलटून उलटून पाह्यली. चार लोकं येतीन अन् झाडं खाल्लेली पाहतीन, बरं दिसते का?"

बादलीत पाह्यलं. सगळ्या. काळ्या-पिवळ्या, हिरव्या, सगळ्या.

दोन सालात ह्या माणसानं एका झाडाले हात लावला नव्हता. आज लावला तर माह्यासाठी लावला. अन् हे केल्लं. "बरं केल्लं" म्हटलं अन् चुलीपाशी जाऊन रडली. आत्याबाईनं पाह्यलं. त्या कुठी गप बसतात. बाहेर जाऊन, "अरे येड्या, तिनं पाळल्या होत्या त्या! त्याच दाखवाच्या होत्या लोकाइले!"

"पाळल्या? अळ्या?"

"हो, अळ्या!"

मी बाहेर आली तर चपला नव्हत्या. मले वाटलं, गेले स्टँडवर. गेले वणीले. संपलं.

लोकं आले. मॅडम, बाया, पोट्टे. सतरंजीवर बसले अन् पाहतात काय, उघडा बेल, उघडी रुई. खोटं काय सांगू? म्हटलं, आमच्या मालकानं अळ्या सकाळीच साफ केल्या. बाया अशा हसल्या! एक म्हणे, आमचा असता तर बेलबी उपटला असता. मॅडम नाही हसल्या. बहाव्याचं सांगू लागल्या. माहं लक्षच नव्हतं, कान रस्त्याकडं.

चहा देता देता हे आले. गुडघ्यापर्यंत चिखल. दुपट्टा ओला करून त्यात रुईच्या फांद्या गुंडाळलेल्या. "आपल्या धुऱ्यावर हायेत अळ्या. गजूनं तिकडं फवारलं नाही." आपल्या धुऱ्यावर! वावरात गेलते! माह्याकडं नाही पाह्यलं. पोट्ट्यांत बसले अन् फांदीवरच्या अळ्या दाखवू लागले.

अन् बोलले. मायबाई, किती बोलले! "हे पाहा, हे उघड्यावर खाते. बोंडअळी असं नाही करत, ते आत लपते, वरून बोंड एकदम चांगलं दिसते. लपते त्याचा राग येते माणसाले. हिचा काय राग?" एका पोट्टीनं विचारलं, काका, तुमी मारल्या काहून मंग? "ओळखल्या नाही वं," म्हणे.

मी मागं चहाची केटली धरून उभी. चहा गार झाला. कोणी मागितलाबी नाही.

२३ सप्टें.

पहिल्या गाडीनं गेले. म्हटलं, राहा नं अजून दोन दिवस. म्हटलं, राहूनच जा. सरळ म्हटलं, लाज सोडून. "गाडी उभी हाये तिथी, दुसऱ्याले देऊन टाकतीन." गाडीत चढताना, "त्या अळ्याइचं काय होते ते सांगजो."

काल रात्री मले वाटलं होतं आता नाही जात.

२५ सप्टें.

यांनी आणलेल्या चार अळ्यांतली एक सुगरणीनं नेली का चिमणीनं, डोळ्यादेखत. दोन कुठी गेल्या पत्ता नाही. एक खिडकीच्या गजाले उलटी लटकली अन् सकाळी पाहते तर हिरवा कोश, वरतून सोन्याचे ठिपके, नथीतल्या मण्याएवढे. यांले फोनवर सांगतलं. "सोन्याचे? खरंच का?" एवढे प्रश्न! कोणत्या बाजूले लटकला, ऊन लागते का, मुंग्या तर नाहीत. जेवली का हे विचाराचं विसरले. मले बरं वाटलं विसरले तर.

३० सप्टें.

रोज फोन. रोज. पहिले कोशाचं, मंग वावराचं. गजूनं तुरीले डवरणी केली का, धुऱ्यावरचं हिवराचं झाड तोडलं तर नाही. आज तर म्हणे, धुरा तसाच ठेव म्हणजो गजूले, तिथी तितर बोललं त्या दिवशी.

मले सांगतलं नव्हतं. तितर ऐकत उभे राह्यले असतील तिथी, एकटे.

३ ऑक्टो.

निघालं. छकुली शाळेत जायच्या आधी. कोश काळा पडला होता कालपासून, मंग फुटला. नारंगी पंख, ओले, दुमडलेले. वाळवत बसलं गजावर. छकुलीनं श्वासबी घेतला नाही. मंग उडालं, बेलावर टेकलं, तिथून शेजारी, गेलं.

सायंकाळी फोन. मी सांगणारच होती. त्याच्या आधी हेच म्हणे, "कोश फुटायच्या आत मले एकदा पाहायचं हाये वं. दसऱ्याचं जमते का नाही ठाऊक नाही, पण रविवारी येतो. रविवारपर्यंत राहते का ते?"

"राहते," म्हटलं.

कसं निघालं तोंडातून, देवाले ठाऊक. पण निघालं.

५ ऑक्टो., शनिवार

छकुलीले फोन नाही देऊन राह्यली दोन दिवसांपासून. तिनं पहिलं वाक्य तेच बोललं असतं. रडून राह्यली, बाबाशी बोलाचं हाये म्हणे. म्हटलं, उद्या येतात, तोंडावर बोलजो.

आत्याबाईनं ऐकलं होतं सगळं. दुपारी तांदूळ निवडता निवडता, "खोटं काहून बोलली वं?" खाली मान घालून निवडत राह्यल्या. मंग म्हणे, "माह्याशी बोलला तर मीबी तेच सांगीन."

मघा फोन आला, पहिल्या गाडीनं निघतो म्हणे. पण ट्रकचा मालक दोन दिवस थांब म्हणून राह्यला. "पाहतो," म्हणे शेवटी.

पीठ भिजवून ठेवलं. रिकामं टरफल गजाले हाये अजून, हवेनं हालते. आल्याबरोबर दिसनच यांले. चिडतीन, हसतीन, का तसेच पाय वापस फिरवतीन, मले काही सुचून नाही राह्यलं. दिसू दे. आल्यावर दिसलं तर चालते.