बाबाच्या जखमेतलं जेल

भूपेंद्रदादा,

मायले नमस्कार. तुले लिहायले हात होत नाही.

दिवाळीत मी पुण्याच्या माझ्या लॅबमधलं हायड्रोजेल, म्हणजे पाणी धरून ठेवणारं मऊ जेल, दाखवायले आणलं होतं. सुरीनं कापलं, तुकडे जवळ ठेवले, तर ते आपोआप जुडले. तू टाळ्या वाजवल्या. तेव्हाच मी बोलली होती, "हे स्वतःले जोडते, माणसाले नाही. गुडघ्यातल्या झिजलेल्या गादीसाठी आम्ही बनवून राहिलो. अजून उंदरावरही लावलं नाही."

तरी तू जेलची डबी लपवून ठेवली आणि बाबाच्या पायाच्या जखमेत ते भरलं. काऊन? साऱ्या सालेकसा गावात "बहिणीनं दवा बनवली" म्हणून मिरवायले? बाबाले शुगर आहे, हे तुले माहीत नव्हतं?

काल गोंदियाच्या डॉक्टरनं मले फोनवर विचारलं, "जखमेत हे चिकट काय भरलं?" मी सारं सांगितलं. जेलखाली जखम सडली होती, आज त्यांनी बाबाच्या पायाचा अंगठा कापला.

बाबा फोनवर म्हणतात, "त्याले बोलू नको, त्यानं माझ्यासाठीच केलं." मी बोलणार. मले तुझं तोंडही पाहायचं नाही.

माय जेवते का? तिले झोप लागते का?

मी रविवारी येऊन राहिली. स्टेशनवर घ्यायले येऊ नको. दवाखान्यात बाबाजवळच बस. शुद्धीवर आल्यापासून ते तुलेच शोधून राहिले.

अजून तुझीच बहीण,
दामिनी