आधी आईला

चेरीताल, जबलपूर
२० जानेवारी २०२५

ती. शैलजाताईस,
शि. सा. न. वि. वि.

तिळाच्या वड्या पोचल्या. नेहमीसारख्याच दगडी, पण आमच्या ह्यांनी डबा पुसून काढला.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहिते. माझ्या सहावीच्या वर्गातली एक मुलगी शाळा सुटली तरी घरी जात नाही. आपल्याच महाराष्ट्र मंडळातल्या घरची आहे. नाव लिहीत नाही, नाहीतर तू वकीलबाई रागावशील. आज जवळ बसवलं तेव्हा म्हणाली, घरी काका राहतो, तो अंगाला हात लावतो. प्राचार्य म्हणतात, पहले घरवालों से बात कर लीजिए. शुक्रवारी तिच्याकडे हळदीकुंकू आहे, तेव्हा आईच्या कानावर घालीन म्हणते. आईपेक्षा जवळचं कोण? तुझं मत कळव.

धाकटीवरची माया आटू देऊ नकोस.
तुझी विनता


नागपूर
२५ जानेवारी

चि. विनतास अनेक आशीर्वाद.

पत्र आज मिळालं, शुक्रवार उलटून गेल्यावर. लगेच तक्रार दे असा मेसेज टाकलाच आहे, त्याचं कारण इथे सांगते. नुसता संशय आला तरी पोलिसांना कळवावं लागतं, न कळवणं हा गुन्हा आहे, आणि तो तुझ्या प्राचार्यांनाही लागू आहे. आईबापांना आधी विचारा, असं कायद्यात कुठेही नाही. काहून, म्हणजे का नाही, ते मी इतकी वर्षं कोर्टात बघून राहिले. घराला कळलं की घर आधी अब्रू झाकतं. तुझ्या भिडस्तपणाची आजवर थट्टा केली, आज त्याची भीती वाटते.

आशीर्वाद आहेतच, पण आधी ठाण्यात जा.
ताई


चेरीताल
१ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न.

उशीर झाला ग. बायका गेल्यावर तिच्या आईला स्वयंपाकघरात गाठून सगळं सांगितलं. तिने डोळे पुसले, माझे हात धरले आणि म्हणाली, बरं झालं मॅडम, तुम्ही घरच्या घरात सांगितलं. मी समाधानाने परतले! शनिवारी तुझा मेसेज वाचून तक्रार दिली, तोवर त्यांच्या दाराला कुलूप. शेजारी सांगतात, मुलीला गावी पाठवलं, आणि पोचवायला काकाच गेला.

रागाव, पण पत्र पाठव.
विनता


चेरीताल
१६ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न.

ती सापडली, बालाघाटकडे, नातेवाइकांच्या घरी. काका कोठडीत आहे, ती बालगृहात. बालकल्याण समितीच्या बाईंनी काल भेटू दिलं. खूप वाळली आहे. मी तिचा हात धरून म्हटलं, माझं चुकलं बाळा, मी तुझ्या आईला सांगायला नको होतं. ती रडली नाही, रागावलीही नाही. खाली बघून म्हणाली, आईला तर मी दिवाळीतच सांगितलं होतं, म्हणून तर तुम्हाला सांगितलं.

याउपर लिहवत नाही. लोभ असू दे.
विनता