आबा विरुद्ध मी

४ फेब्रुवारी २०२५
गेली झोप! ओमच्या चौकशीत युनियनतर्फे त्याची बाजू मांडणार कोण, तर पुंजाराम — म्हणजे आमचे आबा! माझे सख्खे आजोबा! आणि कंपनीतर्फे मी. एचआरमध्ये नवीन, अजून कायमही नाही. साहेब हसले — "तेजल, घरचीच मॅच आहे की!"

ओम हरसूलचा, वेल्डर. टाकीच्या आत उतरून वेल्डिंग करायला नकार दिला म्हणून निलंबित. चौकशीत हरला तर नोकरी गेली.

५ फेब्रुवारी
आबांनी घरात चौकशीचं नावही काढलं नाही. भरीत खाल्लं, मीठ मागितलं, झोपले. आजी मात्र करवादली — "एका घरात ऱ्हाता अन् एकमेकांवर केस लढता?" तर आबा म्हणे, "तिथं ती कंपनी. इथं नात हाय."

८ फेब्रुवारी
आज आजीच बोलली. आबा याच कंपनीत वेल्डर होते तेव्हा एकजण टाकीत उतरला की दुसरा तोंडाशी दोर धरून बसायचा. आतल्याशी सारखं बोलत राहायचं — सासूची गाऱ्हाणी, सिनेमाची स्टोरी, काहीही! उत्तर थांबलं की दोर ओढायचा. चहालासुद्धा उठायचं नाही. त्याआधी असं कुणी बसत नसे; आबांचा जोडीदार आत गुदमरून गेला, तेव्हा युनियनने संप करून हा नियम करून घेतला. "नवं लग्न, अन् हे गेटवर बसलेले!" आजी हे सांगताना काय ऐटीत होती!

आणि मी समजत होते, युनियन म्हणजे आबांचा चहाचा कट्टा. मला भरूनच आलं.

१२ फेब्रुवारी
साहेबांनी दार लावून घेतलं. "विचारलं तर सांग, हेल्पर टाकीच्या तोंडाशी होता." नव्हता! त्याला दुसऱ्या शेडमध्ये पाठवलं होतं, सगळ्यांना माहीत आहे. "तुला कायम करायचं माझ्याच हातात आहे," हेही ऐकवलं. घरी आबांना विचारावंसं फार वाटलं. नाही विचारलं.

१७ फेब्रुवारी
आज चौकशी. मी आत गेले, तर आबा उठून उभे राहिले. माझ्यासाठी! "नमस्कार मॅडम. बसा." त्यात चेष्टा अजिबात नव्हती. आवाज चढवला नाही, कुणाला टोमणा नाही. मी बघतच राहिले. घरी चष्मा शोधत फिरणारे ते हेच?

शेवटी म्हणाले, "मॅडम, ओमला उतरायला सांगितलं, तेव्हा टाकीच्या तोंडाशी माणूस होता का?"

साहेब माझ्याकडे रोखून बघत होते. आबा नाही. ते टेबलाकडे बघत होते — मुद्दाम, मला खात्री आहे.

"नव्हता," मी म्हणाले.

"आभारी आहे, मॅडम." आणि बसले. इतका मोठा माणूस आपल्या घरात राहतो!

२१ फेब्रुवारी
ओमला कामावर घेतलं. मला काढलं.

२२ फेब्रुवारी
रडून डोळे सुजलेत. आत्ता आबा चपला घालून दारात उभे — "रडायला येळ नाय, तेजल. सकाळपाळीची पोरं गेटाबाहेर बसलीत. ओमबी. तुला परत घ्या म्हणतात."