ताटावरचा हात

॥ श्री ॥

रत्नागिरी, ५ जानेवारी २०२५

तीर्थरूप दादांस,
अर्पिताचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

फोनवर तुम्हाला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेल्या अर्ध्याला तुम्ही हो हो म्हणता, म्हणून पत्रच बरं. आमच्या बँकेत आरोग्य तपासणी झाली. वजन किलोत घ्यायचं, उंची मीटरमध्ये घेऊन तिचा वर्ग करायचा आणि त्याने वजनाला भागायचं. याला बीएमआय म्हणतात. आपल्याकडच्या माणसांसाठी साडेअठरा ते तेवीसच्या आत असला की ठीक. माझं वजन ६८, उंची १५६ सेंटिमीटर, उत्तर २७.९. डॉक्टर म्हणाले, उपाशी राहू नका; रोज चाला, भात निम्मा करा, भाजी वाढवा आणि जेवताना मोबाईल बाजूला ठेवा. शेवटचं त्यांना कसं कळलं कोण जाणे. खोलीवर आले की मोबाईल समोर असतो आणि फरसाणची पुडी कधी संपते ते कळत नाही.

तुम्ही तीस वर्षं गणित शिकवलंत, तर तुमचंही उदाहरण सोडवून लेकीला पाठवा. आई गेल्यापासून तुमच्या जेवणाचं काही नीट कळत नाही.

लोभ वाढावा, माझं वजन तेवढं वाढू नये.

तुमची
अर्पिता

॥ श्री ॥

ताडकळस, १४ जानेवारी २०२५

चि. अर्पितास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

उदाहरण फारच सोपं दिलंस. उंची १६५, वजन ५८. उत्तर २१.३. शंभरपैकी शंभर. आता तू अभ्यासाला लाग.

आज संक्रांत, पण वर्ष व्हायचं असल्याने यंदा आपल्याला सण नाही. शेजारच्यांनी तिळगूळ दिला, तो तुझ्यासाठी डब्यात ठेवलाय. तुझ्या वाटणीचा एकच लाडू, लक्षात ठेव. सरजाबाई सकाळी येऊन दोन्ही वेळच्या भाकरी टाकून जातात. मी पोटभर जेवतो. घर शांत असतं, वाचन होतं. माझी काळजी करू नये.

तुझा
दादा

॥ श्री ॥

रत्नागिरी, २ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप दादांस,
सा. न. वि. वि.

मी रागावलेय, आधीच सांगते. काल गावातल्या आशा सेविका गीताबाईंचा फोन आला. पंचायतीतल्या शिबिरात त्यांनी तुम्हाला काट्यावर उभं केलं आणि काटा सत्तेचाळीसवर थांबला. त्या म्हणाल्या, सर लय वाळलेत, सदरा नुसता खुंटीला टांगल्यासारखा दिसायलाय. मी भागाकार केला. १७.३. वजन जास्त झालं तर वाईट, तसं कमी झालं तरी वाईटच. मुद्दाम काही न करता एवढं उतरलं तर क्षय, साखर, थायरॉईड सगळं तपासावं लागतं, असं इथल्या डॉक्टरांनी सांगितलं.

जन्मात कधी खोटं गणित मांडलं नाहीत तुम्ही. अठ्ठावन्न आणलं कुठून? दादा, आषाढात आई गेली. अजून वर्षही झालं नाही. मला भीती वाटते. गीताबाईंना सोबत घ्या आणि याच आठवड्यात परभणीला जा.

तुमची
अर्पिता

॥ श्री ॥

ताडकळस, १६ फेब्रुवारी २०२५

चि. अर्पितास,
अ. उ. आशीर्वाद.

परभणीला जाऊन आलो. छातीचा फोटो, रक्त, थुंकी सगळं तपासलं. रोग काहीच निघाला नाही. मग डॉक्टरांनी विचारलं की जेवता कुणासोबत. गीताबाईच म्हणाल्या, एकटेच.

अठ्ठावन्न मी मनाने लिहिलं नव्हतं. मागच्या वर्षी आम्ही दोघांनी दवाखान्यात वजन केलं होतं, ते तुझ्या आईने कॅलेंडरच्या मागे टिपून ठेवलंय. 'हे – ५८'. तिच्या अक्षरातला आकडा मला खोटा ठरवावासा वाटला नाही. चूक झाली.

वजन कुठे गेलं तेही कळलं. चाळीस वर्षं एक भाकरी झाली की मी ताटावर हात आडवा धरून पुरे म्हणायचो, आणि तुझी आई हाताखालून आणखी अर्धी सरकवायचीच. माझं पोट तिच्या न ऐकण्यावर चाललं होतं. आता मी पुरे म्हणतो आणि कुणीच हरकत घेत नाही. टोपलीत रोज भाकर उरायलीय, असं सरजाबाई कधीच्या सांगत होत्या. मी लक्ष दिलं नाही.

तुझं उलटं आहे. तुला पुरे म्हणणारं कुणी नाही. आपल्या दोघांची सरासरी काढली, २२.६ आली. बापलेकीचं मिळून अगदी ठीक आहे, फक्त वाटणी चुकली. हसू आलं आणि मग रडूही आलं. जमलं तर ये.

तुझा
दादा

॥ श्री ॥

ताडकळस, २४ मार्च २०२५

चि. अर्पितास,
अ. उ. आशीर्वाद.

चार दिवस रजा काढून आलीस, घरात भांड्यांचा आवाज झाला. रोज माझ्यासोबत रस्त्यापर्यंत चालत आलीस, तेही बरं झालं. तुझी बस निघाल्यावर मी बराच वेळ स्टँडवरच बसलो होतो. घरी जायचा कंटाळा आला. गीताबाईंच्या काट्यावर काल ४८ भरले. तुझे ६७ झाले असतील तर खरे कळव, मी खोटं सांगितलं म्हणून तू सांगू नकोस.

ठरल्याप्रमाणे काल साडेआठला तुझा फोन आला. मी ताट घेऊन बसलेलोच होतो. आधी तुझ्यासाठी मोठ्याने पुरे म्हणालो. तू ऐकलंस ना? मग सवयीने माझाही हात ताटावर आडवा गेला. तू पलीकडून काहीतरी बोललीस. मला एक शब्द ऐकू आला नाही, पण काय बोलली असशील ते ठाऊक होतं. मी हात बाजूला घेतला आणि टोपलीतली अर्धी भाकरी वाढून घेतली.

रोज फोन कर.

तुझा
दादा