दारापाशी ठेवलेला इन्व्हर्टर

३० एप्रिल, बुधवार. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया.
आजपासून रोजनिशी. रिटायर होऊन तीन वर्षं झाली, पण डोकं रिटायर व्हायला तयार नाही. चौतीस वर्षं पेपर मिलच्या इलेक्ट्रिकल विभागात काढलेल्या माणसाने आमच्या गावातल्या लालबागच्या गॅलरीत बसून दिवसभर करायचं काय? बायको, सरस्वती, म्हणते, विभागात नाही, विभागाच्या स्टोअरमध्ये. फरक काय? माझी सही झाल्याशिवाय मिलमध्ये एक बल्ब लागत नसे.

आज फोपनारला गेलो. भाची ज्योत्स्ना आणि जावई भूपेंद्र यांची नर्सरी सुरू झाली. टिश्यू कल्चरची केळीची रोपं, बोटाएवढी, नऊ हजार, हिरव्या नेटखाली काळ्या पिशव्यांत. जूनमध्ये शेतकऱ्यांना द्यायची. सगळी बुक आहेत. मात्र भर उन्हात दर दहा मिनिटांनी फॉगरमधून पाण्याचा फवारा पडला पाहिजे, नाहीतर रोप करपलंच समजा. त्या शेतापर्यंत लाईटची लाईन नाही, म्हणून सगळं सोलरवर. दोन इन्व्हर्टर त्यांनी घेतले, तिसरा माझा. मामाचा आहेर. तिघांनी मिळून एकच पंप ओढायचा, एकाच्या अंगावर भार नको, अशी योजना. उत्तम योजना.

बसवणाऱ्यांनी तिसऱ्याची जागा ठेवली होती ती आत, बाकी दोघांच्या शेजारी, खताच्या गोण्यांमागे. मी त्यावर पेंटरकडून नाव घालून घेतलंय : 'चि. सौ. ज्योत्स्ना हिस मामा भास्कर यांजकडून सप्रेम भेट'. आहेराच्या पातेल्यावर नाव घालतात ते काय फडताळात पालथं घालायला? ते लोक गेल्यावर मी आणि नर्सरीवरचा जुना माणूस कडू, आम्ही मशीन उचलून दारापाशी लावलं. बॅटरीची केबल पुरेना. माझ्याकडची नऊ फूट जोडली. सुरू! आत पाय टाकताच नाव दिसतं. ज्योत्स्नाची आई, म्हणजे माझी आशाताई, वाचून रडली. पुरणपोळी आणि आमरस. चार वाट्या.

संकल्प : या सोलरवर माझी देखरेख राहील.

२ मे, शुक्रवार. दुपारी ३
बारा वाजून चाळीस मिनिटांनी तिन्ही मशीन एकदम बंद. फवारा बंद. वीस मिनिटांनी आपोआप चालू. ज्योत्स्नाचा फोन आला की मामा, तुमी काही टेन्शन नका घेऊ, मी कंपनीच्या प्रशांतले फोन लावते. मी सांगितलं, घरात डॉक्टर असताना दवाखान्यात कशाला? मी येतो.

घरात बसवत नव्हतं. निघालोच.

३ मे, शनिवार
निदान : पॅनलवर धूळ. कडूला घेऊन सगळी पॅनल धुतली. कडू म्हणाला, भाऊ, मंगळवारीच धुतले ना. मी म्हटलं, मंगळवारची धूळ वेगळी.
१२.३५ला बंद. काल १२.४० होते. म्हणजे रोग पकडीत येतोय.

५ मे, सोमवार
निदान : बॅटरीत पाणी कमी. मिलच्या स्टोअरमध्ये बॅटरीचं पाणी माझ्याच ताब्यात असायचं, त्यामुळे या विषयात मला कोणी शिकवू नये. डिस्टिल्ड वॉटरचे दोन कॅन घेऊन गेलो. कडू बॅटरीभोवती दोन फेऱ्या मारून आला आणि म्हणाला, याले ढक्कनच नाही भाऊ, पानी टाकू कुठी?
लिथियमची निघाली. पाणी लागत नाही. आधी सांगायला काय होतं.
पाणी कडूने मोटरसायकलच्या बॅटरीत घातलं. आज दोनदा बंद. रोपं अजून ठीक. कडेची थोडी मान टाकतात आणि संध्याकाळी उठतात.

६ मे, मंगळवार
आज ज्योत्स्नाने मला न विचारता इंदूरच्या प्रशांतला फोन लावलाच. असो. तो पोपटासारखा प्रश्न विचारत होता, आणि ही बिचारी लोड, व्होल्टेज यात अडकत होती, म्हणून मी फोन हातात घेतला. त्याने विचारलं, काका, तिन्ही इन्व्हर्टर एका लाईनमें लगे हैं ना, आणि बॅटरीपासून तिन्हींच्या केबल बराबर लांबीच्या आहेत ना? एक जरी लांब असली तर पंप उचलताना तो मागे पडतो, मग तिघंही हात वर करतात.

मी म्हटलं, बराबर आहेत.

ज्योत्स्ना समोरच उभी होती. तिने भुवया वर केल्या, पक्का ना मामा? मी मान हलवली.

आता, बराबर म्हणजे काय? क्वालिटी बराबर आहे. तांबं एक नंबर. नऊ फूट म्हणजे काय, दोन माणसं झोपतील तेवढंही नाही. वीज सेकंदाला किती हजार मैल पळते, तिला नऊ फुटांचं काय? मिलमध्ये केबल अर्धा किलोमीटर जायची. शिवाय खरं सांगितलं असतं तर त्याने मशीन परत गोण्यांमागे ढकलायला लावलं असतं, आणि आहेराचं मशीन जागेवरून हलवायचं तर ताईला काय वाटेल, हाही विचार माणसाने करायचा असतो.

प्रशांत म्हणाला, केबल बराबर असेल तर मशीनमध्येच काहीतरी आहे, बघावं लागेल, पण रविवारशिवाय जमणार नाही.
रविवारपर्यंत मीच लावतो मार्गी.

७ मे
सरस्वतीने जेवताना विचारलं, त्या प्रशांतला केबलचं सांगितलंत का? हिला केबलचं कसं कळलं? म्हणे आखाजीच्या दिवशी पिशवीतून तुम्हीच नेली, माझी कपडे वाळत घालायची दोरी बाजूला सारून तिच्याखालची केबल. मी म्हटलं, तो तांत्रिक विषय आहे. ती वरण आणायला निघून गेली ती परत आलीच नाही. भात कोरडाच खाल्ला.

दुपारभर येरझाऱ्या. गॅलरी सतरा पावलं. एकदा सोळा भरली.

८ मे, गुरुवार
निदान : पहिली दोन मशीन. एक पद्धत असते, बिघाड शोधायचा तर आधी जे नवं असेल त्यावर संशय घ्यायचा. माझं जुनं मॉडेल आहे, म्हणजे अनुभवी. त्या दोघांच्या वायरी आपसांत बदलल्या.
पूर्वी दिवसातून दोनदा बंद पडायचं, आज पाच वेळा. याचा अर्थ आपण योग्य ठिकाणी हात घातलाय. वायरी परत पूर्वीसारख्या केल्या.
भूपेंद्र म्हणाला, मामा, रहने दो ना आता, रविवारी तो येतोच आहे. पोरगा चांगला आहे, पण धीर नाही.

१० मे, शनिवार. रात्री नाही, संध्याकाळीच लिहून टाकतो
पंचेचाळीस डिग्री.

उद्या तो प्रशांत येणार म्हणून आज काम संपवायचंच असं ठरवून गेलो. भूपेंद्र डोईफोडियाला गेला होता. साडेअकराला मेन बंद केला. पंधरा मिनिटांचं काम. सगळे नट उघडायचे, घासायचे, कसायचे. एक नट गोण्यांखाली गेला. तो सापडेपर्यंत बारा. मग कोणती वायर कुठल्या मशीनची ते आठवेना. मी रंग लिहून ठेवले होते, पण सगळ्याच लाल आणि काळ्या.

एक वाजून वीस मिनिटांनी चालू झालं. एक तास पन्नास मिनिटं.

तेवढा वेळ ज्योत्स्ना, कडू आणि पिशव्या भरायला येणाऱ्या दोन बाया पाठीवर फवारणीचे पंप घेऊन नेटखाली पळत होत्या. मी आतून ऐकत होतो. बायांच्या चपलांचा आवाज, आणि ज्योत्स्नाचा, या बाजूले या, या बाजूले. पश्चिमेची बाजू त्यांच्या हाती लागली नाही.

दोन हजार तीनशे रोपं गेली. कडूने ओळी मोजून सांगितलं. पानं कागदासारखी झाली होती, चुरगळली तर आवाज येत होता. ज्योत्स्नाने मला हात धुवायला पाणी दिलं, टॉवेल दिला. ओरडली असती तर बरं झालं असतं.

भूपेंद्र संध्याकाळी आला. पश्चिमेच्या ओळींतून चालत गेला आणि चालत परत आला. ज्यांची रोपं आहेत त्यांना काय सांगू, एवढंच म्हणाला. तेही मला नाही, जमिनीला.

मला फार वाईट वाटतंय. हे इथे लिहितो, कारण दुसरीकडे कुठे बोलायची सोय नाही.

११ मे, रविवार
गेलो नाही. डोकं दुखतंय. प्रशांत येऊन गेला असेल.
ठरवलं : उद्या जाऊन ज्योत्स्नाला केबलचं सांगून टाकायचं. सरळ. पहिलं वाक्यही तयार केलं : ज्योत्स्ना, त्या दिवशी फोनवर मी जे बोललो ते पूर्ण बरोबर नव्हतं. चांगलं वाक्य आहे. आरशासमोर तीनदा म्हटलं. सरस्वतीने बाहेरून विचारलं, कोणाशी बोलताय?

१२ मे, सोमवार
चमत्कार! गेलो तर सगळं सुरळीत. बारा, साडेबारा, एक, सगळ्या वेळा उलटून गेल्या, फवारा एकदाही थांबला नाही. माझं मशीन दारापाशी ऐटीत चालू, दिवा हिरवा, स्क्रीनवर दोनशे तीस व्होल्ट. म्हणजे माझे शनिवारचे नट! मी कसले तेव्हाच ते बसले होते, फक्त त्यांना सेट व्हायला एक दिवस लागला. प्रशांतने काय केलं असं विचारलं तर ज्योत्स्ना म्हणाली, काही नाही मामा, थोडं चेक केलं त्यानं. बघा! इंदूरहून येऊन थोडं चेक.

अशा परिस्थितीत केबलचा विषय काढण्यात अर्थ नव्हता. झालेलं वाक्य जपून ठेवलं आहे.

१४ मे, बुधवार
रीडिंग घ्यायला गेलो. रजिस्टरमध्ये नोंदवलं : मशीन एक, लोड बावन्न टक्के. मशीन दोन, पन्नास टक्के. मशीन तीन (माझं), शून्य टक्के. इतका पंप ओढूनही त्याला भार म्हणून जाणवत नाही. जुनं मॉडेल ते जुनं मॉडेल.

१६ मे, शुक्रवार
लालबागच्या चहाच्या हॉटेलात चौघांना केस सांगितली. एकाच्या मेहुण्याच्या शेतावर सोलर आहे, तोही बंद पडतो. मी नंबर दिला. कार्ड छापावं का? 'भास्कर, सोलर सल्लागार, अनुभव ३४ वर्षे'. सरस्वतीला विचारलं. ती म्हणाली, दोन हजार तीनशे पण लिहा त्यावर.
ही बाई कधीकधी फार लागेल असं बोलते. कार्ड तूर्त नाही.

१७ मे, शनिवार
पाय घरात ठरत नाहीत. मेहुण्यावाल्याचा फोन आला नाही. मीच दोनदा केला. उद्या फोपनार, संपूर्ण इन्स्पेक्शन.

१८ मे, रविवार. सायंकाळ
सकाळी नऊला पोहोचलो. ज्योत्स्ना नेटमध्ये होती. मी एकटाच मशीनच्या खोलीत. तिसऱ्याचा लोड आजही शून्य. म्हटलं वायर हाताने चाचपत जावं, मिलमधले फिटर जात तसं. बाकी दोघांशी जोडणारी बारीक वायर दोन हात गेली आणि संपली. टोकाला काळी टेप गुंडाळलेली, नीटनेटकी. पंपाकडे जाणारी वायरही तशीच. फक्त माझी नऊ फूट बॅटरीला लागलेली. तेवढ्यावर दिवा जळतो, स्क्रीन दिसते. बाकी काही नाही. पंप दोघंच ओढतायत, गेला आठवडाभर.

कडू आला. मी टेपकडे बघतोय हे बघून त्याने उगाच गोणी सरळ केली. मग सांगितलं. प्रशांत गेल्या रविवारी आला, दारातच थांबला, केबलकडे बघितलं, आणि पाच मिनिटांत तिसरं मशीन लाईनमधून काढून टाकलं. म्हणाला, दोघंही पंप ओढायले काफी आहेत. ते उचलून न्यायला निघाला तर ज्योत्स्नाताईनं नाही म्हटलं. दिवा जळू द्या, मामा येतात, असं म्हटलं. मग त्यानं विचारलं, फोनवर केबल बराबर आहेत असं कोनी सांगितलं होतं? तर ताई म्हने, मीच. भूपेंद्रभाऊ तिथंच होते, आशाबाई होत्या. भाऊ फार बोलले तिले. तिनं ऐकून घेतलं.

मी नेटमध्ये गेलो. तयार केलेलं वाक्य आठवेना. म्हटलं, ज्योत्स्ना, केबल लांब होती, मला माहीत होतं, मी खोटं बोललो, तू स्वतःवर का घेतलंस? ती वाकून पिशव्या बघत होती, तशीच बघत राहिली. म्हणाली, लांब आहे ते मले पण दिसत होतं मामा. टेप आणून मोजणारच होते. मग तुमी बराबर आहे म्हणाले. मामानं सांगितल्यावर मोजायचं काय, असं वाटलं मले. मग चूक माझीच ना.

 

मी विचारलं, काही काम आहे का. तिने पश्चिमेकडे बोट दाखवलं. करपलेली रोपं उपटून पिशव्या रिकाम्या करायच्या होत्या, माती वेगळी, पिशव्या वेगळ्या. कडूशेजारी बसलो. संध्याकाळपर्यंत त्याच्या चारशे झाल्या, माझ्या एकशे दहा. त्यातल्या बारा फाटल्या. कडूने पिशवी कुठून धरायची ते दोनदा दाखवलं.

निघताना म्हणाला, उद्या ऊन तापायच्या आधी, सात वाजता या. मी हो म्हटलं.